न झालेली शोकसभा

एका निनावी फोनवर विश्वास ठेवून मी एका मेलेल्या मुलाची शोकसभा रद्द करायला लावली. वरिष्ठ पोलीस निरीक्षक म्हणून खुर्चीत बसल्यावर केलेली ही चूक आहे. नवा असताना केली असती तर निदान सांगायला सोय होती.

तशा माझ्या चुका पुष्कळ आहेत. एकदा साध्या वेशात सापळा लावून उभा होतो, तर समोरचा पानवाला मोठ्याने म्हणाला, "साहेब, आज गणवेश धुवायला टाकला का?" ज्याला पकडायचं होतं तो रिक्षात बसून निघून गेला. असले किस्से मी नौपाड्यात आमच्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना रंगवून सांगतो. ते हसतात, मीही हसतो. हा एक किस्सा मात्र सुरू केला की कुणी हसत नाही, त्यामुळे तो अजून पुरा सांगून झालेला नाही. इथे सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही. माझंही कळलं नाही तरी चालेल.

तेव्हा मी कल्याणच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात होतो. आमच्या हद्दीत एक खासगी विद्यापीठ होतं. काचेच्या इमारती, कापलेली हिरवळ, दारात कारंजं. कारंजं पाहुणे आले की चालायचं. कुलगुरू विद्वान गृहस्थ. वर्धापनदिनाच्या बंदोबस्ताला गेलो होतो तेव्हा त्यांचं भाषण ऐकलं होतं. प्रश्न विचारणारा विद्यार्थी हीच विद्यापीठाची खरी संपत्ती, असं काहीसं म्हणाले होते. मला फार आवडलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शाळेत शिक्षिका होती. तिने विचारलं, "मग विचारला का कुणी प्रश्न?"

"वेळ कमी होता," मी म्हणालो.

त्या विद्यापीठाच्या वसतिगृहात एक मुलगा लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आत लिफ्टच नव्हती. आंबिवलीचा मुलगा, वडील नाहीत, आई शिवणकाम करायची. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, पोटात मद्य किंवा विष होतं का हे तपासायला व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल यायला वेळ लागतो, तो लागला. तेवढ्यात विद्यापीठाच्या कुलसचिवांनी पत्रकारांशी बोलताना सहज म्हटलं की मुलगा नशेत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शक्यता नाकारता येत नाही हे वाक्य फार सोयीचं आहे. ते बोलणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. आंबिवलीला त्याच्या आईच्या चाळीत मात्र दुसऱ्या दिवशी सगळं सिद्ध झालेलं होतं.

त्याच्या वर्गातल्या एका मुलीने शोकसभा घ्यायची ठरवली. सभा वसतिगृहाच्या अंगणात, त्याच लिफ्टच्या समोर. ज्याला जे बोलायचं ते त्याने बोलावं. मुलाच्या आईलाही तिने बोलावलं होतं. रीतसर अर्ज दिला होता आणि कुलगुरूंनी परवानगीही दिली होती. इथपर्यंत सगळं भाषणात सांगितल्यासारखं चाललं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा होतो. अंमलदार हवालदार चहाला गेला होता. फोन वाजला, तो मीच उचलला. एक पुरुषी आवाज, शांत, घाई नसलेला. म्हणाला, "तीन नंबरच्या सभागृहात उद्या ती सभा झाली तर दगड पडणार. मग सांगितलं नव्हतं म्हणू नका." फोन बंद.

मी काय करायला हवं होतं? नंबर काढायचा, मागोवा घ्यायचा आणि सभेला बंदोबस्त द्यायचा. मी काय केलं? विद्यापीठाच्या सुरक्षाप्रमुखांना फोन केला. हे सुरक्षाप्रमुख म्हणजे आमच्याच खात्यातून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालेले अधिकारी. मी फौजदार असताना त्यांच्या हाताखाली होतो. पंचनामा कसा लिहायचा हे त्यांनी मला शिकवलं होतं, आणि खबर आली की माणूस हलवायच्या आधी कागद हलवायचा, हेही त्यांनीच. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो.

मोठे साहेब कुलसचिवांना घेऊन आले. इतक्या लवकर आले की गाडी माझ्या फोनच्या आधीच निघालेली असावी, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मला बिस्किटं मागवायचं सुचलं.

"काय करायचं सर?" मी विचारलं.

"अरे, मी कोण सांगणारा? आता तू अधिकारी," मोठे साहेब म्हणाले. "विद्यापीठाने सभेला नाही म्हटलेलं नाही. कुलगुरू मोकळ्या विचारांचे आहेत. पण उद्या कुणाचं डोकं फुटलं तर पहिला प्रश्न तुला विचारतील. खबर होती, मग काय केलंत?"

हा प्रश्न ऐकला की कुठलाही पोलीस अधिकारी आधी कागद-पेन शोधतो. मीही शोधलं.

कुलसचिव चष्मा पुसत म्हणाले, "पोलिसांनी कार्यक्रम पुढे ढकलण्याचा सल्ला दिला तर आमचा नाइलाज होईल."

"तर मग दे ना एक पत्र," मोठे साहेब म्हणाले. "आणि आयोजकांना एकशे एकोणपन्नासच्या नोटिसा काढ. आपली पद्धतच आहे."

पद्धत होती हे खरं. तेव्हाच्या कायद्यातलं हे कलम. आता आकडा बदलला, सवय तीच आहे. मोर्चा असो, मिरवणूक असो, आम्ही नोटीस वाटतो. तुमच्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास तुम्हाला जबाबदार धरलं जाईल, एवढाच मजकूर. ना गुन्हा, ना शिक्षा. दगड मारण्याची धमकी आली होती, ती ज्याने दिली त्याला सोडून ज्यांच्यावर दगड पडणार होते त्यांना मी नोटिसा काढल्या. नावं मोठ्या साहेबांनी सांगितली. पत्रही दिलं, सही ठसठशीत केली. माझी सही चांगली आहे असं सगळे म्हणतात.

दुपारी त्या मुलीला ठाण्यात बोलावलं. ती ठाणे शहरातल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बरोबर आई आली होती. आई मासळी बाजारात बसायची, तिथूनच उठून आली होती. नाव-पत्ता झाल्यावर मी माझा आवाज जड केला. हा आवाज मी बऱ्याच वर्षांच्या मेहनतीने कमावला होता, भलेभले गप्प व्हायचे. या मुलीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. बाजारात वाढलेली, तिने याहून मोठे आवाज ऐकले असणार.

"सभेत काय बोलणार होतीस?"

"तो दारू पीत नव्हता, हे."

"एवढंच?"

"लिफ्ट बिघडलीय म्हणून आम्ही आधी तक्रार केलेली, हे पण."

"म्हणजे विद्यापीठाची बदनामी."

"लिफ्ट बिघडली होती सर. मी नाही बिघडवली."

आई मध्येच म्हणाली, "सायेब, पोरं रडायला जमतायत. दरोडा घालायला नाय."

"मावशी, तुम्ही बसा. उद्या दगड पडले तर तुमच्याच मुलीला लागतील."

"मंग दगडवाल्याला धरा ना! माजी पोर कनाला बोलावली?"

उत्तर नसलं की आम्ही कागद पुढे करतो. मी नोटीस पुढे केली आणि मुलीला म्हणालो, "तीन नंबरच्या सभागृहात काही झालं तर तू जबाबदार, एवढंच यात आहे."

"सभागृहात कुठे सर? सभा अंगणात होती, लिफ्टसमोर. हॉलचं तर आत्ता सांगितलं. तुमच्या गेटवर रिक्षातून उतरत होतो तेव्हा ऑफिसातून फोन आला की अंगण नाही, तीन नंबरला घ्या."

"उलट उत्तरं देऊ नकोस," मी म्हणालो.

मला हवं असलेलं सगळं तिने त्या एका वाक्यात टेबलावर ठेवलं होतं, आणि मी तिला उद्धट ठरवून मोकळा झालो. तिने नोटीस घेतली, पोच म्हणून सही केली. मग विचारलं, "सर, म्हणजे माझ्यावर गुन्हा दाखल झाला का?"

"नाही गं. नुसता कागद आहे."

"तसं लिहून द्याल? कॉलेजला दाखवायला."

"त्याची काही गरज नसते," मी हसून म्हणालो. तिच्या पाठीवर वडीलकीने थाप मारायचंच बाकी ठेवलं होतं. ती घरी पोचायच्या आत सभा हॉलमध्येही नाही, मुळातच रद्द, असा निरोप तिला मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन विद्यापीठाच्या दारात उभा राहिलो. तीन नंबरच्या सभागृहाला कुलूप. दारावर कागद लावलेला : पोलिसांच्या सल्ल्यावरून सुरक्षेच्या कारणास्तव कार्यक्रम रद्द. दगड काही आले नाहीत. माझ्या बंदोबस्तामुळे अनुचित प्रकार टळला, अशी नोंद मी त्या दिवशी समाधानाने केली.

रिक्षातून एक बाई उतरली. पांढरी साडी नाही, रडणं नाही. हातात पिशवी, तिच्यात चौकट घातलेला फोटो. मी ओळखलं. पंचनाम्याच्या दिवशी तिला पाहिलं होतं.

"ताई, कार्यक्रम रद्द झालाय," मी म्हणालो.

"कुणी केला?"

"सुरक्षेचं कारण आहे."

"कुणाच्या सुरक्षेचं?"

मी म्हणालो, "सगळ्यांच्याच." तिने पिशवी छातीशी धरली, फाटकातून आत एकदा पाहिलं आणि त्याच रिक्षातून परत गेली. रिक्षावाल्याने भाडं घेतलं नाही, हे मी पाहिलं. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आत मात्र ती कोळ्याची मुलगी लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली आणि जमतील तेवढ्यांसमोर बोलली. तो दारू पीत नव्हता आणि लिफ्टची तक्रार आम्ही केली होती, एवढंच. सुरक्षारक्षकांनी तिचं चित्रीकरण केलं. पुढे शिस्तपालन समिती बसली आणि तिला वर्षभरासाठी काढून टाकलं. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. आदेशात कारणं दोन होती : परवानगी नसताना भाषण केलं, आणि विद्यार्थिनीवर पोलीस कारवाई झालेली आहे.

पोलीस कारवाई म्हणजे माझा नुसता कागद.

तिची आई ठाण्यात आली. या वेळी आवाज चढवला नाही. तो आदेश माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुमी बोल्लेला, काय नाय होत. वरीस गेला माज्या पोरीचा." मी म्हटलं, बघतो. नोकरीत हा शब्द मी किती वेळा वापरला असेल कुणास ठाऊक. त्या दिवशी पहिल्यांदा खरंच बघायला लागलो.

सुरुवात फोनच्या नंबरापासून केली. सिमकार्ड विदर्भातल्या एका गावच्या माणसाच्या नावावर. मी लगेच निष्कर्ष काढला की बाहेरून येऊन वातावरण बिघडवणारी टोळी आहे. वरिष्ठांना तसं कळवूनही टाकलं. तिथल्या पोलिसांनी उलट विचारलं की आमच्या गावच्या माणसाला तुमच्या शोकसभेशी काय घेणं? मला हा त्यांचा आळस वाटला.

दुसरा संशयित हाताशी होता. विद्यापीठातला एक विद्यार्थी पुढारी, त्या मुलीच्या विरुद्ध गटाचा. निवडणुकीत दोघांची जोरात भांडणं झाली होती. त्याला चौकशीला आणलं. डोंबिवलीचा मुलगा, केसांना जेल, तोंडात सतत उत्तर तयार.

"दगड मारायची धमकी तू दिलीस."

"आईशप्पथ साहेब, मी नाही."

"तिच्याशी तुझं वैर आहे."

"आहे ना. ती मला सगळ्यांसमोर बिनडोक म्हणालेली. पण तो पोरगा आमच्या टीमचा विकेटकीपर होता. मी पण बोलणार होतो सभेत. त्याच्यावर दगड मारू? काय बोलताय!"

"मग तीन नंबरच्या सभागृहाचं नाव फोनवर कुणी घेतलं?"

तो हसला. चौकशीत माझ्यासमोर कुणी हसलं की मला राग येतो, पण तो खरंच मजेने हसला. "साहेब, मला दगड मारायचे असते तर मी अंगणात गेलो असतो ना! सभा अंगणात होती. हॉलचं आम्हाला दुपारी कळलं. तुमचा फोन कधीचा?"

"सकाळचा."

"मग ज्याला सकाळीच कळलेलं त्याला पकडा की!"

मी पेन खाली ठेवलं. हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. मुलीने सांगितलं तेव्हा उलट उत्तर वाटलं होतं. मुलाने सांगितल्यावर ते पुरावा वाटलं. याचं कारण मी स्वतःला बरेच दिवस विचारलं नाही, पुढे बायकोनेच विचारलं.

आता धागा हातात होता. सभा अंगणातून सभागृहात न्यायची हे ठरलं कधी, आणि ते कुणाला माहीत होतं? कुलगुरूंच्या कार्यालयातल्या स्वीय सहायकाला विचारलं. त्याने काहीही न लपवता सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. त्या दिवशी सकाळी कुलगुरूंच्या दालनात बैठक झाली. अंगण रस्त्यावरून दिसतं, फोटो निघतात, म्हणून सभा आत न्यावी असं ठरलं. आयोजकांना दुपारी कळवायचं. बैठकीला तिघेच : कुलगुरू, कुलसचिव आणि सुरक्षाप्रमुख. बैठक संपली आणि थोड्याच वेळात आमच्या ठाण्यातला फोन वाजला.

विद्यापीठाकडून रक्षकांची यादी मागवली, तर विदर्भातला तो सिमकार्डवाला माणूस फाटकावरचाच रक्षक निघाला. गावाला जाताना तो आपला जुना फोन फाटकावरच्या चौकीत ठेवून गेला होता, कुरियरवाल्यांशी बोलायला. त्या फाटकातून मी किती वेळा गेलो होतो. टोळी शोधायला मी विदर्भापर्यंत पत्रव्यवहार केला, आणि फोन चौकीतल्या खुंटीवर चार्जिंगला लटकत होता.

मोठ्या साहेबांना त्यांच्याच केबिनमध्ये भेटलो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. बिस्किटंही होती.

"सर, तो फोन कुणी केला?"

"कुठला?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोटं बोलायचा कंटाळा आल्यासारखे खुर्चीत मागे टेकले. "एका पोराला करायला लावला. अरे, त्यात काय? दगड पडले का? कुणाला खरचटलं का?"

"त्या मुलीचं वर्ष गेलं सर."

"ते समितीने केलं. आणि समितीने कशावर केलं? तुझ्या नोटिशीवर." ते हसले, अगदी प्रेमाने. "तू नीट चौकशी करशील अशी मला धास्ती होती. मग वाटलं, नाही, हा माझ्याच हाताखाली तयार झालाय. हा आधी कागद हलवणार."

नोकरीत मला मिळालेलं हे सर्वांत खरं प्रशस्तिपत्रक.

तिथून कुलगुरूंकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं, ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मी फोन करायला सांगितलं नव्हतं. तुम्हाला शब्द देतो."

"मग काय सांगितलं होतं सर?"

त्यांनी खिडकीतून कारंज्याकडे पाहिलं. कारंजं बंद होतं. "मी म्हणालो होतो की ही सभा होणं विद्यापीठाच्या हिताचं नाही, आणि विद्यापीठाने ती थांबवली असं दिसणंही हिताचं नाही."

"आणि समितीचा आदेश? तो मागे घेता येईल?"

"पोलीस कारवाई झालेल्या विद्यार्थिनीला मी पाठीशी घातलं असं होईल."

"कारवाई झालेलीच नाही. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे."

"तसं तुम्ही लेखी द्या," कुलगुरू म्हणाले. "आपण विचार करू."

मी लेखी दिलं. मुलीने मागितलं तेव्हा दिलं असतं तर समितीच्या हातात दोनांपैकी एक कारण उरलं नसतं. माझ्या पत्राला उत्तर आलं : आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. दरम्यान परीक्षा होऊन गेली.

मी आणखी काय शौर्य गाजवलं? उपायुक्तांना अहवाल पाठवला. अहवाल पाठवणं हा आमच्या खात्यातला शौर्याचा सर्वांत सुरक्षित प्रकार आहे. उपायुक्तांनी विचारलं, "तुमच्याच पत्रावर सभा रद्द झाली, असं यात लिहिलंय. ते राहू द्यायचं का?" मी म्हटलं, राहू द्या. खोटी खबर दिल्याबद्दल अदखलपात्र नोंद झाली. मोठ्या साहेबांनी राजीनामा दिला आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सुरक्षा सल्लागार झाले. कुलगुरूंचा कार्यकाळ सन्मानाने पूर्ण झाला. लिफ्टच्या देखभालीच्या कंत्राटदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण मी निवृत्त होईपर्यंत तारखांवरच होतं.

आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला. मद्यांश आढळला नाही.

तो अहवाल मी टपालाने पाठवू शकलो असतो. पण त्या मुलीला फोन केला आणि आम्ही दोघं आंबिवलीला गेलो. ती येईल असं वाटलं नव्हतं. ती गाडीत मागच्या सीटवर बसली. मुलाची आई शिवणयंत्रावर बसली होती, समोर कुणाच्या तरी लग्नातले ब्लाउज. भिंतीवर तो चौकटीतला फोटो. मी उभ्यानेच सांगितलं की अहवाल आलाय, त्याने काही घेतलेलं नव्हतं.

तिने यंत्र थांबवलं नाही. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी आई आहे त्याची. मला कशाला सांगता?"

मी अहवालाची प्रत यंत्राशेजारी ठेवली.

"ते तिथे सांगायचं होतं. त्या सगळ्यांसमोर, तिथल्या मोठ्या लोकांसमोर. मी त्यासाठी आले होते. तुम्हीच उभे होता ना फाटकात?"

मी हो म्हणालो. शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली होती. ती मुलगी उठली आणि तिला म्हणाली, "मावशी, ऐकलंत ना? साहेब काय म्हणाले ते? तो प्यायलेला नव्हता." मग दुसऱ्या दारात गेली, मग तिसऱ्या. चाळभर ती सांगत फिरली आणि मी गणवेशात तिच्या मागे, तिने वळून पाहिलं की मान डोलवत. मला वाटतं नोकरीत त्या गणवेशाचा तेवढाच नीट उपयोग झाला. पण ती सभा नव्हे. सभा झालीच नाही. विद्यापीठात आजही तो मुलगा प्यायलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

या प्रकरणातून काय शिकलो, असं कुणी विचारेल. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला कुणी बोलू नये असं वाटतं तेव्हा तो तोंडाने तसं म्हणत नाही. तो काळजी व्यक्त करतो. मग ती काळजी खाली खाली येते आणि कुठल्यातरी पोलीस ठाण्यात एक मूर्ख तिच्यावर सही करतो. धमकी आली तर बंदोबस्त बोलणाऱ्याला द्यायचा, हे पोलीस प्रशिक्षणात शिकवायची गरज नसावी. मला होती.

मुलीने पुढे ठाणे शहरातल्या एका साध्या महाविद्यालयातून पदवी घेतली, एक वर्ष उशिरा, आणि मग कायद्याकडे वळली. आता ठाणे न्यायालयात वकिली करते. तिची आई अजून बाजारात बसते. मी मासळी तिच्याकडूनच घेतो. मला भाव कधी कमी लावत नाही.

गेल्या महिन्यात मला एका विद्यापीठाचं निमंत्रण आलं. ते नव्हे, दुसरं. परिसंवादाचा विषय : विद्यापीठ परिसरातील अभिव्यक्ती स्वातंत्र्य आणि सुरक्षा. वक्ते म्हणून मी, अनुभवी पोलीस अधिकारी. मला हसूही आलं आणि धडकीही भरली. भाषण लिहायला बसलो, चार ओळींवर अडलो, म्हणून तिला फोन केला. म्हटलं, काय बोलू ते सांग. आणि अर्ध्या चेष्टेने हेही म्हटलं, की तिथेही कुणाचा निनावी फोन आला आणि माझंच भाषण बंद पाडलं तर?

ती कोर्टाच्या आवारात होती, मागे गलका होता. तरी तिचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला.

"निर्धास्त जा सर," ती म्हणाली. "बंद पाडावं असं तुम्ही आयुष्यात कधी काही बोललाच नाहीत."